बायनाबाईच्या ज्वारीच्या कुरडया

राणीसावरगावात चैत्र उलटला की घरोघर गव्हाचा आंबूस वास सुटतो. बादल्यांतून गहू भिजत पडलेले असतात, रोज पाणी बदलायचं, रोज वास वाढायचा. नवख्या माणसानं नाकाला रुमालच लावावा. पण गावातल्या बाईला विचारा, ती उलट तुम्हालाच म्हणेल, "कसला वास? कुरडयांचे दिस हायत!" आणि ह्या दिवसांत खालच्या गल्लीत एका बाईचा भाव लय वधारायचा. ती बाई म्हणजे बायनाबाई.

चीक हाटावा तर बायनाबाईनं, असं सगळ्या गल्लीचं म्हणणं. भिजलेला गहू वाटायचा, गाळायचा, आणि रात्रभर ठेवला की तळाशी जे पांढरं सत्त्व बसतं तो चीक. तो उकळत्या पाण्यात ओतायचा आणि लाकडी चाटूनं गरागरा हाटायचा. एकीनं धार धरायची, दुसरीनं हाटायचं. हात जरा थांबला की गाठी झाल्याच म्हणून समजा, आणि मग सोऱ्यातून कुरडई पडत नाही, नुसते तुकडे पडतात. बायनाबाई पदर खोचून चुलीपुढं उभी राहिली की धुरानं डोळ्यांतून पाणी येवो नाहीतर चटके बसोत, तिचा हात थांबायचा नाही. मीठ बरोबर पडलं का तेही तीच बघायची, बोटावर घेऊन जिभेला लावून. ती "व्हय" म्हणाली की मगच बाकीच्यांनी सोऱ्या हातात घ्यायचे. गल्लीतली सगळ्यांत जुनी म्हातारी भिवराबाई, जी स्वतःच्या सुनांना उभं करत नाही, तीसुद्धा बायनाबाईच्या "व्हय"ची वाट बघत बसायची. आता बोला!

ह्या कामाला कुणी कुणाला आमंत्रण देत नाही. आदल्या दिवशी दारावरून जाता जाता नुसतं सांगायचं, "उद्या माझ्या कुरडया हायत." एवढ्यावर दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला बाया हजर. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. मजुरी म्हणाल तर काम उरकल्यावर वाटीभर गरम चीक. कुणी त्यावर गूळ-तूप घेतं, कुणी तेल-तिखट. सगळ्याजणी सावलीला गोल करून बसतात, फुंकर मारत खातात आणि वर्षभर साचलेलं बोलून घेतात. बायनाबाईचा नवरा सिताराम जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता मुलगा बजरंग पुण्याला कंपनीत. घरात बोलायचं तर भांड्यांशी. त्यामुळं तिला त्या गोलात बसणं म्हणजे सणच होता. कुरडयांचा महिना संपला की ती पुढच्या वर्षीपर्यंतचे दिवस मोजत बसायची, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण खरं होतं.

तर अशा बाईला देवानं दुखणं द्यावं, ते नेमकं गव्हाचं! देवाला दुसरं काही सुचलंच नाही काय?

आधी ते गव्हाचं आहे हे कुणाला ठाऊक होतं? पोट बिघडायचं ते बिघडलेलंच राहायचं. खाल्लेलं अंगी लागेना. गालफडं बसली, हाडं ठणकायची, विंचरताना केसांचा पुंजका हातात यायचा. जंताच्या गोळ्या झाल्या, सलायनी झाल्या, रक्तवाढीच्या बाटल्या झाल्या. शेजारच्या धुरपताबाईनं हौसेनं एका देवऋष्याकडं नेलं, त्यानं लिंबू उतरवून दिलं आणि सांगितलं, नवऱ्याचा जीव अडकलाय. सिताराम म्हणजे जीव कुणात अडकेल असा माणूसच नव्हता, तो सुखानं गेला होता. पण बायनाबाईनं तेही केलं. शेवटी बजरंग सुटी काढून आला आणि तिला परभणीला घेऊन गेला. रक्त तपासलं. तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा काढून तोही तपासला.

डॉक्टरीणबाई सावकाश बोलणारी होती. म्हणाली, "मावशी, तुम्हाला सिलियाक नावाचा आजार आहे. गव्हातला चिकटपणा तुमच्या आतड्याला चालत नाही. गहू, जव, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, सगळं बंद. ह्याला गोळी नाही. न खाणं हेच औषध."

"किती दिस?"

"आयुष्यभर."

बायनाबाईला हसूच आलं. एवढ्या वर्षांचं दुखणं आणि इलाज एवढासा? "अवो बाई, आमी भाकरी खाणारी माणसं. गव्हाची पोळी सणावारी. त्याचं काय एवढं?" परत येताना एसटीत ती बजरंगला म्हणाली, "उगंच घाबरलास. सुटले मी."

तिनं पोळी सोडली, शेवया सोडल्या, चहात बुडवायचं बिस्कीट सोडलं. दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी. आणि तरीही पोट तसंच. महिना गेला, दोन गेले, बाई आणखीच वाळली. धुरपताबाई म्हणाली, "म्या म्हणलंच व्हतं, ती डॉक्टरीण पोरगी हाय, तिला काय कळतंय." पुन्हा परभणी. डॉक्टरीणबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ज्वारी दळता कुठं?"

कुठं म्हणजे? येडबाच्या गिरणीत. सगळं गाव तिथंच दळतं. एकाचा गहू उतरला की दुसऱ्याची ज्वारी चढते, आणि आधीच्याचं मूठभर पीठ दगडांत, नळीत अडकलेलं असतंच. आपलं थोडं त्याच्यात, त्याचं थोडं आपल्यात, गावात ह्याचा हिशेब कोण ठेवतो? बायनाबाई रोज भाकरीतून गहू खात होती. येडबा भला माणूस. त्याला कळलं तसं तो म्हणाला, "काकू, तुमची ज्वारी म्या सकाळी पहिली घेतो, झाडून." पण झाडून झाडून किती झाडणार? शेवटी दिवाळीला बजरंगनं घरघंटी आणून दिली, कपाटाएवढी, लाइटीवर चालणारी. मग कळलं की हिंगाच्या डबीतही गव्हाचं पीठ असतं. ती डबी उकिरड्यावर गेली. जुना तवा, जुनं लाटणं, परात, सगळं धुरपताबाईच्या सुनेला देऊन टाकलं.

आणि मग खरंच फरक पडला. जिना चढताना धाप लागेना. अंगावर मूठभर मांस आलं. कपाळावर बारीक नवे केस उगवले, ते ती आरशात बघून पुन्हा पुन्हा हात फिरवायची.

पण गल्लीला ते केस दिसले नाहीत. गल्लीला दिसलं ते निराळंच. लग्नाच्या पंगतीत बायनाबाई फडक्यातून घरची भाकरी सोडते. बारशाला गेली तर नुसतं पाणी पिऊन उठते. पुरणपोळीचं ताट पुढं केलं तर हात जोडते. आपल्याकडं माणूस ताटाला नाही म्हणाला की घरच्या माणसाच्या काळजाला लागतं. बायनाबाईनं प्रत्येकाला समजावून सांगितलं, आणि प्रत्येकानं मान हलवून तेच म्हटलं, "आगं, एवढ्याशा तुकड्यानं काय व्हतंय?" सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला. मग तिनं जाणंच कमी केलं.

पहिल्या उन्हाळ्याला ती कुरडयांना गेली होती. तोंडाला पदर बांधून धुरपताबाईचा चीक तिनं हाटला, अगदी पहिल्यासारखा. खायचा नाही, नुसता हाटायचा, असं घरून ठरवून गेली होती. पण हाटून झाल्यावर धुरपताबाई म्हणाली, "मीठ बघ गं." आणि इतक्या वर्षांची सवय! पदर खाली ओढून बोट जिभेला लागलंसुद्धा. ती दचकून थुंकली, चुळा भरल्या. काही उपयोग झाला नाही. आठ दिवस अंथरुणाला खिळली. वर धुरपताबाईला राग आला तो वेगळाच. "माझ्या घरचा चीक चाटून बाई आजारी पडली, असं गावभर झालं. म्या काय इख घातलं व्हतं त्यात?"

आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ते राजेश्रीचं घडलं. राजेश्री धुरपताबाईची नवी सून. पोर गुणाची, बायनाबाईकडं येऊन बसायची, काकू काकू करायची. एके दिवशी घरी कणीक मळता मळता सासूनं तिला ज्वारीचं पीठ आणायला पाठवलं. ती हसत आली, आणि डबा उघडा होता म्हणून कणकेनं भरलेला हात सरळ पिठात घातला.

"हात काढ! हात धू आधी!"

बायनाबाई एवढ्यानं ओरडली की तिलाच आपला आवाज परका वाटला. राजेश्रीनं हात काढला, हाताकडं बघितलं, आणि तशीच निघून गेली. थोड्या वेळानं धुरपताबाई दारात. "बायनाबाई, माझ्या सुनेच्या हाताचा इटाळ व्हतो का गं तुला? सांग तसं. आमी तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार न्हाई."

"आगं इटाळ न्हाई गं माय, कणीक हाय, कणीक!"

"कणीक सगळ्यांच्याच हाताला असती," धुरपताबाई म्हणाली आणि गेली.

गल्लीत झालं, बायनाबाईला सोवळं चढलं. दुसऱ्या उन्हाळ्याला तिच्या दारावरून कुणी "उद्या माझ्या कुरडया हायत" म्हणालं नाही. काही रागानं, आणि खरं सांगायचं तर काही मायेनंसुद्धा. तिला त्रास होतो, कशाला सांगा. पण माया कुठली आणि राग कुठला हे घरात एकट्या बसलेल्या बाईला कसं कळावं? शेजारच्या स्लॅबवरून हसण्याचे आवाज यायचे. कुणाचा सोऱ्या अडकला, कुणाला चटका बसला, सगळं ऐकू यायचं. बायनाबाई दार लावून टीव्ही मोठा करायची. बजरंगचा फोन आला की सांगायची, "तब्येत चांगली हाय रे, काय तकलीफ न्हाई." ते खोटं नव्हतं. तब्येत चांगलीच होती. त्या चांगल्या तब्येतीचं करायचं काय, तेवढं तिला कळत नव्हतं.

ह्या वर्षी संक्रांतीपासून तिच्या डोक्यात एक घोळत होतं. तिची आई सांगायची, पूर्वी गहू कुठं होता पोटभर? ज्वारीच्याच कुरडया करायचो. मग आपण का करू नये? ज्वारीचा चीक. तो सगळ्यांना चालतो आणि आपल्यालाही चालतो. बाया येतील, हाटतील, पाडतील, आणि शेवटी वाट्या भरून गोल बसतील, आणि त्या गोलात आपणही वाटी घेऊन बसू. कुणाला नाही म्हणायचं नाही, कुणावर ओरडायचं नाही. ह्या विचारानं तिला लहान पोरीसारखी हौस आली. बजरंगला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "कर की आई. मस्त सगळ्यांत बसून खा एकदाचा."

तिनं पांढरीशुभ्र ज्वारी निवडली. नवा सोऱ्या आणला, कारण जुन्याच्या भोकाभोकांत इतक्या वर्षांचा गहू बसलेला. ज्वारी भिजवली, रोज पाणी बदललं, वाटली, दोनदा गाळली. आणि आदल्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन गल्लीत निघाली.

भिवराबाई ओट्यावर बसली होती. "ज्वारीच्या?" म्हातारीचे डोळे चमकले. "लय वर्सं झाली गं माय, ज्वारीचा चीक तोंडात पडून. येते की. येणारच." बाकीच्याही कुणी हो म्हणाल्या, कुणी हसल्या. शेवटी धुरपताबाईचं दार. पाय थोडा अडखळला. धुरपताबाई तूर निवडत होती, राजेश्री तिला बघून आत गेली.

"उद्या माझ्या कुरडया हायत," बायनाबाई म्हणाली.

धुरपताबाईनं सुपातून वर बघितलं नाही. "माझ्या परवा हायत. बघू."

त्या "बघू"चा अर्थ लावत बायनाबाई झोपली. तरी सकाळी अंधारातच उठून तिनं अंगण झाडलं, तीन दगड मांडून चूल केली, मोठं पातेलं चढवलं. वाट्या घासूनपुसून टोपलीत पालथ्या घातल्या. गूळ किसून ठेवला, तूप पातळ केलं, तेलात तिखट कालवून ठेवलं. आता कुणीही या.

तांबडं फुटलं. कुणी आलं नाही. आणि मग शेजारच्या स्लॅबवरून आवाज आले. भिवराबाईचा खोकला, कुणाचं तरी हसणं, आणि सगळ्यांच्या वर धुरपताबाईचा आवाज, "आगं मोबाइलवर उद्या आभाळ दाखवलंय, म्हणून आजच घेतल्या उरकून! पटापटा पाडा!"

गेल्या. सगळ्या तिकडं गेल्या. बायनाबाई चुलीपुढं उभीच्या उभी राहिली. मग मटकन खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. एवढी बाई, नवरा गेला तेव्हा चार माणसांत उभी राहिली होती. आणि आता कुरडयांसाठी रडते म्हणून तिला स्वतःचा रागही आला. पण रडू थांबेना.

चीक मात्र थांबत नाही. ऊन चढलं की तो आंबून जातो. तिनं डोळे पुसले, पाण्याला उकळी आणली, एका हातानं जड बादली तिरकी केली आणि दुसऱ्या हातानं चाटू फिरवायला लागली. ते एका बाईचं काम नव्हेच. बादली सावरावी तर चाटू थांबतो, चाटू फिरवावा तर बादली कलंडते. गाठी धरायला लागल्या. बायनाबाईच्या हाताखाली गाठी! ती ओठ चावून जीव खाऊन हाटत होती.

"आगं ए बाई! एकटीच हाटायलीस? गावातली माणसं काय मेली का?"

फाटकातून धुरपताबाई आत शिरली. तिच्या मागं भिवराबाई, तिच्या मागं सगळ्या. स्वतःचं काम उरकून तशाच धावत आलेल्या. कोपरापर्यंत हात पांढरे, पदराला, गालाला, केसांना वाळलेला चीक. भिवराबाईच्या हातात झाकलेलं पातेलं होतं. "तुझ्याकडंच बसून खाऊ म्हणलं, तिकडं कुणीच खाल्ला न्हाई. लवकर उरकून आलो गं."

बायनाबाईनं एकेकीच्या तोंडाकडं बघितलं. म्हणजे "बघू"चा अर्थ हा होता! ती तोंड उघडणार एवढ्यात धुरपताबाईनं आपल्या हातातला चाटू, तिच्या घरून आणलेला, गव्हाच्या चिकानं लडबडलेला, सरळ बायनाबाईच्या पातेल्यात घातला.

"सर, सर बाजूला. गाठी केल्यास की. धार धर तू, म्या हाटते."

चाटू गरागरा फिरला. पांढऱ्या ज्वारीत गव्हाचा चिकट लगदा सुटून विरघळून गेला. बायनाबाईनं तो जाताना बघितला. "थांब" हा शब्द तिच्या ओठावर आला होता. पण थांबून काय होणार होतं? गेला तो गेला. सगळं पातेलं गेलं. तीन दिवसांचं भिजवणं गेलं, दोनदा गाळलेलं गेलं, तिची वाटी गेली.

आणि तेवढ्यात तिला राजेश्री दिसली. पोरगी फाटकाशीच उभी होती. दोन्ही हात पाठीमागं लपवलेले. सगळ्या आत आल्या, ती आली नव्हती. तिथूनच हळू आवाजात म्हणाली, "काकू, हात धुऊन येऊ का?"

सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या. धुरपताबाईनं हाटता हाटता मान वर केली, आणि तिच्या तोंडावरचं हसू जिथल्या तिथं थबकलं. बायनाबाईला ते सगळं एकदम दिसलं. एक शब्द इकडचा तिकडं झाला की ह्या आल्या पावली परत जातील, आणि पुन्हा येणार नाहीत. जन्मात नाहीत.

"नको गं माय," ती म्हणाली. "हात कशाला धुतीस? ये. बस इथं माझ्यापाशी."

राजेश्री आली. बायनाबाईनं बादलीची धार धरली, धुरपताबाईनं हाटलं, गाठी मोडल्या, चीक काचेसारखा चकाकायला लागला. धुरपताबाई म्हणाली, "मीठ बघ गं, बायनाबाई. आता तर तुझाच हाय, ज्वारीचा. आता काय व्हतंय तुला?"

"राजेश्री बघंल," बायनाबाई म्हणाली. "माझं तोंड सकाळपासून कडू हाय. बघ गं पोरी, तू बघ."

पोरीनं सासूकडं बघितलं, मग बोटावर घेतलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. "मीठ बरोबर पडलंय. जरा आंबूस लागतंय, पण लय झकास."

"व्हय का? मग घ्या सोऱ्या," बायनाबाई म्हणाली.

वर स्लॅबवर कुरडया पडल्या, ओळीनं, गव्हाच्यापेक्षा जराशा काळपट. मग सगळ्याजणी खाली लिंबाच्या सावलीला गोल बसल्या. बायनाबाईनं टोपलीतल्या वाट्या काढल्या, प्रत्येकीला भरून दिल्या, गूळ वाढला, तूप वाढलं. भिवराबाईनं पहिला घास घेतला आणि म्हातारीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "माझ्या मायच्या हातचा असाच व्हता गं."

"तुला घे की," धुरपताबाई म्हणाली.

"म्या मगाशीच खाल्ला चुलीपाशी. तुमी वर पाडत व्हत्या तवा. पोट फुटायची वेळ आली."

"कशी हावरी हाय बघा! आमची वाट बी बघितली न्हाई!" धुरपताबाई खदखदून हसली, सगळ्या हसल्या, बायनाबाईही हसली. ती त्यांच्यात बसली होती. राजेश्री तिला टेकून बसली होती. धुरपताबाई तिच्या भावजयीचं सांगत होती, ते जुनंच होतं, पण बायनाबाईनं ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. तुपाचा वास येत होता. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता आणि तोंडाला पाणी सुटत होतं. ते ती गिळत होती आणि हं, हं करत होती. मधूनच तिला वाटायचं, खाऊन टाकावी एक वाटी, पडू आठ दिवस अंथरुणात. मग कपाळावरच्या नव्या केसांवर तिचा हात जायचा आणि ती ओंजळीनं पाणी प्यायची. तिला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. पण सगळ्या बायांच्या मधोमध बसूनही तिला इतकं एकटं वाटत होतं की टीव्ही मोठा करून दाराआड बसतानाही तेवढं वाटलं नव्हतं.

मोबाइलवरचं आभाळ काही आलंच नाही, उन्हानं दोन दिवसांत कुरडया कडकडीत वाळल्या. बायनाबाईनं त्या पिशव्यांत भरल्या आणि घरोघर वाटल्या. भिवराबाईला जास्तीच्या दिल्या. धुरपताबाई पिशवी बघून म्हणाली, "सगळ्या वाटत सुटलीस का काय? तुला ठेवल्यास ना?"

"ठेवल्या की. डबा भरलाय."

"पुढच्या वर्षी बी ज्वारीच्याच कर बाई. आणि सांग आमाला आधी. म्या तुझ्याच दिसाला धरून माझ्या घेत जाईन, म्हणजे सगळ्या तशाच इकडं येतील."

"सांगते," बायनाबाई म्हणाली.

घरी येऊन तिनं ते मोठं पातेलं पुन्हा एकदा घासायला घेतलं. घासलं, धुतलं, पुन्हा घासलं. नवा सोऱ्या हातात घेऊन बराच वेळ बघत बसली आणि मग तोसुद्धा राजेश्रीला द्यायचा म्हणून बाजूला ठेवला. चूल पेटवून एक भाकरी टाकली, वांग्याचं कोरड्यास होतं, ते घेतलं आणि ताट पुढं ओढलं. तेवढ्यात फोन वाजला. बजरंग होता.

"आई, झाल्या का गं कुरडया? आल्त्या का सगळ्या?"

"आल्त्या रे. एक बी राहिली न्हाई. धुरपताबाई आली, तिची सून आली. भिवराकाकू तर रडलीच."

"बरं झालं. मला लय फिकीर व्हती बघ. आणि तू? खाल्लास का चीक सगळ्यांत बसून?"

"खाल्ला की."

"कसा झालता?"

बायनाबाईनं फोन ह्या कानाचा त्या कानाला लावला. राजेश्री काय म्हणाली होती ते तिला आठवावं लागलं.

"मीठ बरोबर पडलं व्हतं," ती म्हणाली. "जरा आंबूस. पण लय झकास."